कशावरूनसाहेब

आमच्या गावात संशय घ्यायला कारण लागत नाही. सवड लागते, आणि ती आमच्याकडे भरपूर आहे. पारनेर तालुक्यातलं माळावरचं कोरडवाहू गाव. मूग निघाला, वाटाणा बाजारात गेला, की पुढे माणसानं करायचं काय? खंडोबाच्या देवळापुढच्या ओट्यावर बसायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्याच्या पिशवीत काय असेल याचा अंदाज बांधायचा. पिशवी मोठी असेल तर गडी काहीतरी लपवून नेतोय. पिशवी नसेल तर आधीच पोचवून आलाय. मी या ओट्याचा जुना सभासद. पारनेरला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो, गॅदरिंगला नाटकं बसवतो, आणि हातवारे न करता मला साधा पत्तासुद्धा सांगता येत नाही.

तर अशा या ओट्यासमोर एका सकाळी एसटी थांबली आणि तिच्यातून एक अमेरिकन कादंबरीकार उतरला.

एल्डन त्याचं नाव. साठीच्या पुढचा, ताडमाड, भुवया बाभळीच्या कुंपणासारख्या, डोक्यावर गवताची रुंद हॅट. पाठीवर भलीमोठी सॅक. ओटा एकदम ताठ झाला.

"ह्यो सोलरवाला," बबनआण्णा म्हणाला.

बबनआण्णा हा आमच्याकडचा जमिनीचा एजंट. माळावरची जमीन भाड्यानं घ्यायला सोलर कंपन्यांची माणसं हिंडत होती, आणि त्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या मधे बबनआण्णा आपल्या पांढऱ्या गाडीसकट उभा असे. दुसऱ्या कुणाच्या पायाला माळाची धूळ लागली, की तो गाडीची काच खाली करून चौकशी करायचा.

"सोलरवाला येष्टीनं कशाला यील?" कुणीतरी विचारलं.

"तेच तर! वळखू येऊ न्हाई म्हनून."

ओट्यानं माना डोलावल्या.

साहेब सरळ ताराक्काच्या दारात जाऊन उभा राहिला. ताराक्का माझी शेजारीण. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक सुनील अमेरिकेत इंजिनियर. तिथे तो हौसेनं संध्याकाळी लेखनाच्या एका वर्गाला जायचा, आणि त्या वर्गाचा मास्तर म्हणजे हा एल्डन. सुनीलनं आईला न विचारता गुरुजींना घराची माडी देऊन टाकली होती आणि आदल्या दिवशी फोनवर कळवलं होतं, "माझे सर आहेत, लिहायला येतायत." अक्कानं दुभाष्या म्हणून मला हाक मारली.

"मास्तर, ह्यो हितं काय लिवनार, इचार."

मी विचारलं. तो म्हणाला, अजून ठरलं नाही.

"मंग ठरवून यायचं हुतं की. बाजारला जातानी बी मानूस काय आनायचं ते ठरवून जातं."

एवढं बोलून तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. साहेबानं तांब्यात वाकून बघितलं, वास घेतला, आणि मला विचारलं, "हे उकळलेलं आहे?" अक्कानं मान डोलावली. साहेब म्हणाला, "हे तुम्हाला कसं माहीत?" म्हणजे पाणी उकळणाऱ्या बाईला तो विचारत होता, पाणी उकळलंय हे तुला कसं माहीत!

"ह्यो येडा हाय का पोलीस हाय?" अक्कानं मला विचारलं.

दोन्ही नव्हतं. पुढे कळलं ते असं. त्याचे वडील मक्याच्या सपाट मुलखात विमा कंपनीचे तपासनीस होते. कुणाचं कोठार जळालं, घर जळालं, की राखेत शिरून बघायचं, आग लागली की लावली. लहानपणी एल्डन त्यांच्याबरोबर जायचा. "वडील काय जळालं ते बघत नसत," तो सांगायचा. "काय जळालं नाही ते बघत. घरच्यांचे फोटो आधीच शेजारी नेऊन ठेवलेले असले, की आग घरच्याच माणसानं लावलेली." असा बाप. मुलानं दात घासले म्हटलं तर ब्रश ओला आहे का बघणारा. जन्मभरात मुलाचं एकही म्हणणं त्यानं पहिल्या झटक्यात मानलं नाही.

मुलगा मोठा होऊन कादंबऱ्या लिहायला लागला, यात मला तरी काही नवल वाटत नाही. एवढ्या तपासणीतून सुटायचं तर माणसानं दुसरं करावं काय?

पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्याकडे एक मराठी शब्द मागितला. 'तुला हे कसं माहीत' असं थोडक्यात कसं विचारायचं? मी मोठ्या आनंदानं 'कशावरून' हा शब्द त्याला देऊन टाकला. माकडाच्या हाती कोलीत देताना जो आनंद होतो तो मला त्या दिवशी पुरेपूर झाला.

चहावाला म्हणाला, "साहेब, निव्वळ म्हशीचं दूध हाय." साहेब म्हणाला, "कशावरून?" चहावाला दूधवाल्याकडे बघायला लागला आणि दूधवाला आभाळाकडे. गुरव म्हणाला, हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलंय. "कशावरून?" गुरवानं घंटा जोरात वाजवून विषय संपवला. एका म्हाताऱ्यानं आपलं वय नव्वद सांगितलं. साहेबानं विचारलं, "कशावरून?" म्हातारा रडकुंडीला येऊन म्हणाला, "आता मेल्यावर इश्वास ठिवतो का रं बाबा?" महिन्याभरात गावानं त्याचं नाव ठेवलं, कशावरूनसाहेब.

त्याच्या सवयीही संशय वाढवणाऱ्याच. रोज सकाळी माळावर जायचा, पाझर तलावाच्या भरावावरून चालायचा, परत यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच तलाव. का? "काल पाहिलं ते तसंच आहे का, बघायला नको?" आणि माझ्या दुभाषेपणावर त्याची बारीक नजर असे. कुणी दोन शब्द बोलला आणि मी ते थोडे खुलवून सांगितले, आता नाटकवाला माणूस मी, की तो माझा दंड धरायचा. "सर, तो एवढा लांब बोलला नाही."

एकदा तलावाच्या भरावावर बसून त्यानं आपली सगळी हकीकत मला सांगितली. चार कादंबऱ्या. पहिली गाजली, उरलेल्या तीन निघाल्या आणि बुडाल्या. मग तो लेख लिहायला लागला, स्वतःबद्दल, बापाबद्दल, खरेखुरे लेख, आणि त्यांनी त्याचं नाव झालं. सगळ्यांत गाजला तो बापाच्या मरणावरचा. त्यात त्यानं लिहिलं होतं, वडील जाताना मी उशाशी होतो. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तुझं खरं आहे." जन्मभर संशय घेणाऱ्या बापाचे शेवटचे शब्द. वाचून लोक रडले, शाळेच्या पुस्तकात धडा लागला. मग त्याच्या बहिणीनं एका वार्ताहराला सांगितलं, उशाशी मी होते. हा दुसऱ्या शहरात आपल्या कादंबरीतले उतारे वाचून दाखवत होता. आणि बाबा काहीच म्हणाले नाहीत.

झालं. मासिकानं लेख मागे घेतला, कॉलेजची नोकरी गेली, जुने लेखही लोक राख उपसल्यासारखे उपसायला लागले. आता एकच संपादक उरला होता. तो म्हणाला होता, एक लेख आण. शेवटचा. त्यातलं वाक्य न् वाक्य आमची माणसं तपासतील. एक जरी खोटं निघालं तर पुन्हा दार वाजवू नकोस.

"म्हणून इथे," एल्डन म्हणाला. "जिथे मला काहीच ठाऊक नाही, तिथे मी गृहीत काय धरणार?"

हे गावात फक्त मला ठाऊक होतं. ओट्याच्या सभासदानं असली गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे काय यातना, ते तुम्हाला समजायचं नाही.

लेखाचा विषय त्याला रोजच्या फेरीत सापडला, तो तलावच. बहात्तरच्या दुष्काळात गावानं हा तलाव खोदला. पहिली कुदळ कुणी मारली? साधा प्रश्न. पण आमच्या गावात प्रत्येक घराची पहिली कुदळ आहे. कुणाच्या बापानं मारली, कुणाच्या आज्यानं, एकाच्या आज्यानं तर कुदळ नसताना पहारीनं मारली. प्रत्येकाला साहेबाचा प्रश्न एकच, "कशावरून?" आणि प्रत्येकाचं उत्तर एकच, "म्हंजी काय, आमी खोटं बोलतो का?"

याच दिवसांत त्यानं एक चूक केली.

ताराक्काचा नवरा मुंबईला मार्केटात माथाडी होता. तिथेच इस्पितळात गेला. अक्का संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापताना कधी कधी सांगायची, "जातानी माजंच नाव घेतलं त्यांनी. तारा म्हनले आन् मान टाकली." सगळ्या आळीनं हे शेकडो वेळा ऐकलेलं. सगळ्या आळीला हेही ठाऊक, की निरोप आला तेव्हा अक्का इथे खुरपत होती आणि दुसऱ्या दिवशी पोचली. पण आम्ही संशयी असलो तरी अडाणी नाही. कुठला संशय तोंडातून बाहेर काढायचा नाही, हे आमच्या पोरासोरांनाही कळतं.

एका संध्याकाळी तिनं हे साहेबापुढे सांगितलं. मी भाषांतर केलं. साहेबानं भाकरी मोडली, अक्काकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाला, "कशावरून?"

तव्यावरची भाकरी करपली. अक्कानं ती उलथलीच नाही.

त्यानंतर कित्येक दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण बंद केलं नाही, तसलं पाप ती करणार नाही, पण ताट जिन्याच्या पायरीवर ठेवायची आणि भांडं वाजवून निघून जायची. साहेब मला विचारत राहिला, माझं काय चुकलं? मी सांगितलं. तो आपल्या हॅटची कड फिरवत बसला. "माझ्या वडिलांनीही हेच विचारलं असतं," एवढंच म्हणाला.

मग त्याला भंडाऱ्याचा शोध लागला.

दोन भावांचा बांधावरून तंटा होता. धाकटा म्हणाला, दादानं बांध कोरला. थोरला म्हणाला, म्या न्हाई. लोकांनी दोघांना खंडोबापुढे आणलं आणि थोरल्याला सांगितलं, उचल भंडारा. हळदीची ती चिमूट देवापुढून उचलून बोललं, की ते देवानं ऐकलं. मग खोटं निघालं तर तुमचं तुम्ही निस्तरा. थोरल्यानं हात पुढे केला, ताटापर्यंत नेला, मागे घेतला, आणि म्हणाला, "थोडासा कोरला आसंल नांगरटीत."

साहेबाचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता! जत्रेत पहिल्यांदा पाळणा बघितलेल्या पोरासारखा. "सर, तुमच्याकडे हे यंत्र आहे आणि तुम्ही मला इतके दिवस सांगितलं नाहीत?"

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खिशात भंडाऱ्याची पुडी. पहिल्या कुदळीच्या सगळ्या मालकांकडे तो पुन्हा गेला आणि गप्पा रंगल्या, की हळूच पुडी उलगडून पुढे धरायचा. आणि चमत्कार! कुदळी गळून पडायला लागल्या. "बाप म्हंजी, चुलता व्हता." "पयली न्हवं, पयल्या दिवशीची." एकाचा आजा तर तेव्हा मुंबईला होता, हे त्याच्या घरच्यांनी कबूल केलं. पहारवाला म्हणाला, "साहेब, ते पिवळं आत ठिवा. च्या घ्या." शेवटी एकही कुदळ उरली नाही. तलाव मात्र होता.

आता गावातली निम्मी घरं त्याच्यावर चिडली. बापजाद्यांची कुदळ काढून घेणं म्हणजे काय गंमत आहे? आणि बबनआण्णानं ही चूल बरोबर फुंकली.

रविवारी, म्हणजे खंडोबाच्या वारी, देवळापुढे माणसं जमली. अक्काही बायकांच्या घोळक्यात येऊन उभी राहिली. बबनआण्णानं गाऱ्हाणं मांडलं. हा माणूस रोज माळ मोजतो, दुसऱ्या सोलर कंपनीचा आहे, पैसे पेरून गावात फूट पाडतोय, हा आज संध्याकाळच्या आत गावाबाहेर गेला पाहिजे. "म्या सोता ह्याला माळावर टेप धरतानी बघितलं हाय!" म्हणाला, आणि कुणी सांगायच्या आत पुढे होऊन भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि वर 'येळकोट' म्हणून मोकळा झाला.

साहेबानं माझ्यामार्फत सांगितलं, मी कंपनीचा नाही. मी लेखक आहे. खरं लिहायला आलोय.

"खरं लिवनारा?" बबनआण्णा हसला. "बरं! मंग उचल भंडारा आन् म्हन, की म्या आजवर खरं म्हनून जे जे लिव्हलं ते समदं खरं हाय. मंग आमी मानू. ऱ्हा म्हनू म्हैना दोन म्हैने."

बबनआण्णाला काही ठाऊक नव्हतं, त्यानं अंधारात दगड मारला होता, आणि दगड नेमका लागला होता. मी नाटकवाला. चेहरा सरळ ठेवून भाषांतर केलं, "तू कंपनीचा नाहीस एवढं हळद उचलून सांग म्हणतायत."

साहेबानं माझा दंड धरला. "सर, तो एवढं थोडं बोलला नाही."

काय करणार? सगळं सांगितलं.

तो ताटापर्यंत गेला. चिमूट उचलली. ते एवढंसं पिवळं त्याच्या लांब बोटांत मला दुरूनही दिसत होतं. मग त्यानं चिमूट होती तिथे परत ठेवली, बोटं झटकली नाहीत, तशीच उघडी धरली, आणि म्हणाला, "सर, जसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. जन्मात पहिल्यांदाच, कमी नाही की जास्त नाही. "मी कादंबऱ्या लिहिल्या. त्या खोट्याच असतात आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं. एक लेख मात्र खरा म्हणून लिहिला. त्यात मी सांगितलं, की वडील जाताना मी त्यांच्याजवळ होतो आणि ते मला म्हणाले, तुझं खरं आहे. मी नव्हतो. ते काही म्हणाले नाहीत. मला हे उचलता येत नाही."

"बघा!" बबनआण्णा ओरडला. "आपल्या तोंडानं बोलला! खोटारडा!"

"तू घटकाभर गप ऱ्हा रं बबन." ताराक्का पुढे आली. पदर खोचलेला, आवाज चुलीपुढचा. "मागल्या विलेक्शनला मत तुमालाच म्हनून तू दोनी पार्ट्यांचा भंडारा उचलला हुता. तरी तुला काय झालं? नवी गाडी घेतली."

देवळापुढे हशा पिकला. गुरवसुद्धा हसला.

"खोटा मानूस खुशाल उचलितो," अक्का म्हणाली. "खऱ्याचाच हात कापतो. ज्यानं ठिवला त्यो हितं ऱ्हाईल. ज्यानं उचलला त्यानं पयलं टेप दाखवावा."

टेप निघाला नाही. माणसं पांगायला लागली. मग अक्का एल्डनच्या समोर आली आणि इतक्या दिवसांनी त्याच्याशी बोलली. अगदी हळू. मला ऐकू आलं ते मी दुभाष्या होतो म्हणून.

"बाप गेला तवा तू न्हवता."

तो म्हणाला, "नाही."

"मी बी न्हवते."

हे मी त्याला सांगितलं. तो 'कशावरून' म्हणाला नाही.

"चल," ती म्हणाली. "भाकरी गार झाल्यात."

तो राहिला, थंडी पडली तरी राहिला. माडीवर बसून लिहायचा, संध्याकाळी खाली येऊन चुलीपुढे बसायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि मला बोलावणंही येईनासं झालं. मी कुंपणावरून डोकावायचो. संशय दुसरं काय शिकवतो? ती भाकरी थापायची, तो शेंगा फोडायचा. बस.

हुरड्याच्या तोंडावर तो निघाला. अक्का रागावली. "आता हुरडा व्हईल, आन् ह्यो चालला. हुरडा सोडून कुनी जातं का?" निघायच्या सकाळी ती दारात आली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी त्याला सुप्याच्या फाट्यावर, पुण्याच्या गाडीला सोडायला माझी मारुती काढली होती. सॅक डिकीत टाकली. तो हॅट राहिली म्हणून आत गेला. मला कॉलेजची घाई, मी हॉर्न वाजवला. तो हॅट भुवयांपर्यंत ओढून बाहेर आला, शेजारी बसला, आणि फाट्यापर्यंत ती वर सरकवली नाही.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी अमेरिकेतून फोन आला. मासिकातली तपासणारी बाई. आवाज कोवळा, प्रश्न पोलिसी. मी फोन मोठ्या आवाजावर टाकून अक्काच्या ओसरीत ठेवला. ती सुपात ज्वारी पाखडत होती.

"तुमच्या घराचं दार निळं आहे?"

"आत्ता निळं हाय. आदी हिरवं हुतं, सांग तिला."

"तलावाची पहिली कुदळ कुणी मारली हे गावात कुणालाच ठाऊक नाही, असं त्यांनी लिहिलंय. बरोबर आहे?"

"बराबर. पर हे तिला कशावरून वाटतंय म्हनावं?" अक्का खुशीत आली. "मास्तर, ही बी त्याच्याच वानाची हाय."

मग बाई म्हणाली, "त्यांनी लिहिलंय, तुम्ही नेहमी सांगायचात की नवऱ्यानं जाताना तुमचं नाव घेतलं. पुढे तुम्ही त्यांना सांगितलंत, की तुम्ही तिथे नव्हता."

सूप थांबलं. "व्हय. दोनी बोलले. दोनी लिव्हलं ना त्यानं? मंग झालं."

"शेवटचं वाक्य," बाई म्हणाली. मला कागद उलटल्याचा आवाज ऐकू आला. "निघायच्या सकाळी तुम्ही त्यांच्या कपाळाला भंडारा लावलात आणि म्हणालात, तुझं खरं आहे."

तेच शब्द! बापाच्या तोंडी घातलेले, ज्यांच्यामुळे त्याचं सगळं गेलं, तेच पुन्हा. एकच लेख उरला होता, एकच दार, आणि हा शहाणा त्याच खड्ड्यात पुन्हा उतरला? मी भाषांतर केलं.

अक्कानं सुपातला एक खडा शोधला, बोटात धरून बघितला, अंगणात फेकला.

"सांग तिला, व्हय."

"हो," मी म्हणालो.

"सर, तुम्ही त्या वेळी तिथे होतात. तुम्ही पाहिलंत?"

"मी गाडीत होतो," मी म्हणालो. "मला दिसलं नाही."

बाईनं आभार मानले. फोन बंद झाला. मी अक्काजवळ सरकलो.

"अक्का, खरंच?"

"तू गाडीत हुतास. हारन वाजवीत."

"पण तू तर दाराशी आली नव्हतीस. मी बघत होतो ना."

"मास्तर," तिनं सूप पुन्हा हातात घेतलं, "आता तू बी सुरू केलं का, कशावरून, कशावरून?"

मागच्या कोनाड्यात देव होते. देवापुढे भंडाऱ्याची वाटी. हात लांब केला असता तर पोचला असता. तिनं माझी नजर कुठे गेली ते बघितलं, आणि ज्वारी पाखडायला लागली. मी चपला घातल्या.

लेख छापून आला, वाक्य जसंच्या तसं. त्याचं नाव पुन्हा झालं की नाही ते मला सांगता येणार नाही, पण दुसरे दोन लेख आल्याचं सुनील सांगत होता. पुढच्या थंडीत त्यानंच कळवलं, सर गेले. मी अक्काला सांगायला गेलो. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"शेवटाला कोन हुतं त्याच्यापाशी?"

"बहीण होती."

"काय म्हनला का त्यो?"

"मी विचारलं नाही, अक्का."

"बरं केलं," ती म्हणाली.

मी मात्र अजून सुप्याच्या फाट्यावरच उभा आहे. पुण्याची गाडी आली. तो चढला, खिडकीजवळ बसला, काच सरकवली. गाडी हलली तेव्हा त्यानं मला निरोप द्यायला हॅट काढली. मी हे रोज पुन्हा बघतो. कालचं आज तसंच आहे का, बघायला नको? हॅट वर जाते, कपाळ उघडं पडतं, आणि ते पिवळं असतं. असतंच. पण सूर्य नुकता वर आलेला, ऊन समोरून आलेलं, आणि त्या उन्हात खिडकीची काचही पिवळी, गाडीचा पत्राही पिवळा, आणि हलवायला वर केलेला माझा स्वतःचा हातसुद्धा पिवळा.